खंडूची आव, पांढरे कण आणि दूध-पोळी

प्रश्न : आमच्याकडे खंडू नावाचा तीन वर्षांचा गावठी कुत्रा आहे, वजन साधारण 18 किलो. गेले तीन आठवडे त्याला दिवसातून पाच-सहा वेळा बाहेर जावे लागते. प्रत्येक वेळी थोडीशीच शी होते, सुरुवातीला घट्ट आणि शेवटी पातळ. तिच्यावर जेलीसारखा थर असतो आणि दोनदा लाल रक्ताची रेघ दिसली. शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या कणीसारखे पांढरे कण चिकटलेले असतात, जरी जंताचे औषध दोनच महिन्यांपूर्वी दिलेले आहे. तो नीट जेवतो, खेळतो, उलटी नाही. शेजारी सांगतात की माणसांची जुलाब थांबवणारी गोळी द्या. हे कर्करोगाचे लक्षण तर नाही ना? आमची सहा वर्षांची मुलगी दिवसभर त्याच्याशी खेळते, तिला धोका आहे का? आणि सासूबाई त्याला रोज सकाळी दूध-पोळी घालतात, ती बंद करावी का, यावरून घरात वाद आहे.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपली झोप बहुधा कर्करोगाच्या शंकेने उडवली असावी, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करतो. तीन वर्षांचा, भूक शाबूत असलेला आणि खेळणारा कुत्रा जेव्हा आव आणि रक्ताची रेघ दाखवतो, तेव्हा पशुवैद्यकाच्या मनात आधी जंत, आतड्यातील सूक्ष्म परजीवी, आहारातील बिघाड आणि मोठ्या आतड्याचा दाह ही कारणे येतात. आतड्याचा कर्करोग त्या यादीत फार खाली असतो, कारण तो प्रामुख्याने उतारवयातील कुत्र्यांचा आजार आहे. मात्र आपल्या पत्रात मला खटकलेली गोष्ट रक्त ही नसून कालावधी ही आहे. अचानक बिघडलेले पोट बहुतेक वेळा तीन-चार दिवसांत आपोआप सावरते. तीन आठवडे टिकलेल्या तक्रारीला आम्ही दीर्घकाळची तक्रार म्हणतो, आणि तिचे कारण शोधावेच लागते. रात्री धावपळ करण्यासारखे यात काही नाही, पण या आठवड्यात खंडूला दाखवून घ्यावे. त्याआधी घरच्या वजनकाट्यावर त्याचे वजन करावे. (आपण स्वतः एकदा एकटे उभे राहावे, एकदा त्याला उचलून उभे राहावे आणि वजाबाकी करावी.) वजन घटले असेल तर मी वर दिलेला दिलासा बराच सैल पडतो.

आपण शीचे वर्णन संकोचाने केले असले तरी ते उत्तम केले आहे, कारण त्यातून बिघाड आतड्याच्या कोणत्या भागात आहे याचा अंदाज येतो. लहान आतड्याचे काम अन्न पचवून शोषून घेण्याचे. ते बिघडले की शी एका वेळी पुष्कळ होते, पातळ आणि दुर्गंधीयुक्त असते, कधी तेलकट दिसते, पण बाहेर जाण्याच्या वेळा फारशा वाढत नाहीत. आणि आजार लांबला तर कुत्रा खाऊनही वाळत जातो. मोठ्या आतड्याचे काम उरलेले पाणी शोषून शीला आकार देण्याचे आणि ती बाहेर टाकण्याची वेळ येईपर्यंत धरून ठेवण्याचे. ते सुजले की धरून ठेवण्याची ताकदच जाते, त्यामुळे कुत्रा पुन्हा पुन्हा घाई करतो, कुंथतो, दर वेळी चमचाभर करतो, आणि शीवर आव व ताजे लाल रक्त दिसते. खंडूचे चित्र जवळजवळ पूर्णपणे या दुसऱ्या प्रकारात बसते. याच कुंथण्यावरून अनेक मालकांना वाटते की कुत्र्याला बद्धकोष्ठता झाली आहे, आणि मग ते एरंडेल पाजतात. सुजलेल्या आतड्याला याहून वाईट वागणूक क्वचितच मिळत असेल.

आव म्हणजे काही परकी वस्तू नव्हे. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी शी सहज सरकावी म्हणून हा बुळबुळीत पदार्थ सतत तयार करतात, आणि एरवी तो इतका थोडा असतो की दिसत नाही. अस्तर चिडले की तो वाढतो आणि आपल्याला जेलीसारखा थर दिसतो. महिन्यातून एखाद्या दिवशी असा पातळ पडदा दिसला तर मी त्याकडे लक्षही देणार नाही; रोज दिसला तर देईन. रक्ताच्या बाबतीत प्रमाणाइतकाच रंगही महत्त्वाचा असतो. शीच्या बाहेरून लागलेली लाल रेघ शेवटच्या टप्प्यातून, म्हणजे मोठ्या आतड्यातून किंवा गुदद्वाराजवळून आलेली असते. जठरात किंवा लहान आतड्यात झालेला रक्तस्राव मात्र वाटेत पचतो आणि डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी होऊन बाहेर पडतो. मालक लाल रेघ पाहून घाबरतात आणि काळ्या शीकडे ‘काहीतरी खाल्ले असेल’ म्हणून काणाडोळा करतात. खरे तर भीतीचा क्रम उलटा असायला हवा. अर्थात लोहाच्या गोळ्यांनीही शी काळसर होते, भरपूर कलेजी खाल्ल्यानेही ती गडद दिसते, आणि बीट खाल्ले तर लालसर छटा येते. म्हणून आदल्या दोन दिवसांत पोटात काय गेले हे आठवून मगच निष्कर्ष काढावा.

इतर रंगांविषयी थोडक्यात सांगतो. शीचा तपकिरी रंग पित्तातील रंगद्रव्याच्या रूपांतरातून येतो, म्हणून शी सतत मातकट किंवा राखाडी दिसू लागली तर पित्ताचा मार्ग अडला आहे का, हे पाहावे लागते. फिकट, तेलकट आणि प्रचंड प्रमाणात होणारी शी, त्यासोबत राक्षसी भूक आणि तरीही वाळत जाणारे शरीर, असे एकत्र दिसले, विशेषतः जर्मन शेफर्डमध्ये, तर स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडत असावेत. खडूसारखी पांढरी, भुरभुरीत शी बहुधा जास्त हाडे खाल्ल्याने होते. पिवळी शी अन्न आतड्यातून घाईने पुढे गेल्याचे दाखवते. पण तिच्याबरोबर डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्याही पिवळ्या दिसल्या तर ती यकृताची किंवा रक्ताची बाब असते आणि त्याच दिवशी दाखवावे लागते.

घट्टपणासाठी पशुवैद्यक 1 ते 7 अशी एक मोजपट्टी वापरतात. 1 म्हणजे कोरड्या, कडक लेंड्या आणि 7 म्हणजे निव्वळ पाणी. 2 ही उत्तम मानली जाते, म्हणजे घट्ट पण कोरडी नसलेली, उचलली तरी आकार न मोडणारी आणि जमिनीवर जवळजवळ डाग न ठेवणारी. आपण रोज पिशवीने शी उचलत असाल, आणि उचलत असाल असे मी गृहीत धरतो, तर हा अंदाज हातालाच येतो. एका दिवसाच्या शीवरून मी सहसा मत देत नाही. निरोगी कुत्र्यांतही फिरायला नेल्यावर दुसऱ्यांदा होणारी शी पहिल्यापेक्षा मऊ असते. सात-आठ दिवसांची नोंद मात्र पुष्कळ सांगते : किती वेळा, किती गुणांची, आव होती की नाही, आणि आदल्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळे काय खाल्ले.

आता पांढऱ्या कणांकडे येतो, कारण त्यांच्याविषयी मला फारशी शंका नाही. ओले असताना काकडीच्या बीसारखे किंवा तांदळाच्या कणीसारखे दिसणारे, कधी किंचित हलणारे आणि वाळल्यावर तिळासारखे होणारे हे कण पट्टकृमीचे, म्हणजे टेपवर्मचे, तुटून पडलेले खंड असतात. त्यांचा सर्वांत नेहमीचा प्रकार कुत्र्याला पिसवांपासून होतो : पिसूची अळी जमिनीवरची जंताची अंडी खाते, पिसू मोठी होते, खाज सुटलेला कुत्रा स्वतःला चावताना ती पिसू गिळतो आणि जंत त्याच्या आतड्यात वाढू लागतो. पिसू गिळल्यापासून साधारण तीन आठवड्यांत असे कण पुन्हा दिसू लागतात. दोन महिन्यांपूर्वी औषध दिलेले असूनही कण का दिसतात, याची त्यामुळे दोन उत्तरे संभवतात. एक, त्या औषधात पट्टकृमीवर चालणारा घटक नसेल. पायरँटेल गोलकृमी आणि अंकुशकृमींवर चालते, पण टेपवर्मला त्याने काही होत नाही, त्यासाठी प्राझिक्वान्टेल लागते. जुने पाकीट सापडले तर त्यावरील नावे वाचून पाहावीत. दोन, औषध योग्य होते, पण पिसवा घरातच राहिल्या. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. खंडूला पाठीवर, शेपटीच्या मुळाशी ओल्या पांढऱ्या कागदावर विंचरून पाहावे; पडलेले काळे कण पाण्याने तांबूस झाले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त आहे. पिसवांवरचे औषध पशुवैद्यकाने वजन पाहून ठरवावे आणि ते किमान तीन महिने चुकवू नये, कारण अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात व फरशीच्या सांध्यांत लपलेले असतात. त्याचे अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकावे. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे औषध तिला लावू नये. त्यातील काही औषधे मांजरीच्या जिवावर बेततात.

मात्र पट्टकृमी सापडला म्हणून आवेचे कारणही सापडले, असे मानू नये. पट्टकृमीमुळे गुदद्वाराशी खाज सुटते, कुत्रा बूड घासत चालतो, पण तीन आठवडे आव आणि रक्त पडण्याचे श्रेय मी सहसा त्याला देत नाही. त्यासाठी चाबूककृमी आणि जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी हे अधिक योग्य संशयित आहेत. शीत त्यांच्या खुणा सहसा डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतात, आणि दोन्हींच्या खुणा दररोज शीतून बाहेर पडतातच असे नाही; म्हणून एकच नमुना ‘निर्दोष’ आला तर तपासणी संपली असे न समजता दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्यावेत. नमुना सुपारीएवढा पुरतो. तो माती न लागलेला, त्याच दिवशीचा असावा, झाकणाच्या स्वच्छ डबीत घालावा आणि दवाखान्यात न्यायला उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नव्हे, ठेवावा. (डबीत काय आहे ते तिच्यावर ठळक अक्षरांत लिहावे, हे सांगण्याची गरज का पडते, हे मी येथे सांगत नाही.) पांढरे कण वेगळ्या डबीत न्यावेत, कारण पट्टकृमीची अंडी त्या खंडांतच बंद असल्याने नेहमीच्या तपासणीत निसटतात.

शेजाऱ्यांचा सल्ला कृपया मानू नये. माणसांची जुलाब थांबवणारी लोपेरामाइड ही गोळी आतड्याची हालचाल रोखते. आत जंतुसंसर्ग किंवा विष असेल तर तेही तिथेच अडकून पडते, आणि कोली जातीच्या व तिच्याशी नाते असलेल्या काही कुत्र्यांत ती मेंदूपर्यंत पोहोचून विषबाधा करते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी तर कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वर उल्लेखिलेल्या डांबरासारख्या शीचे ते एक नेहमीचे कारण आहे. औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक आणून देण्याची सवयही नाशिकमध्ये मला बरीच दिसते. साध्या जुलाबाला त्याची बहुधा गरज नसते, त्याने आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात, आणि पुढच्या तपासणीचे चित्र धूसर होते.

आपण नाशिकला राहता म्हणून विषबाधेविषयी एक परिच्छेद अधिक लिहितो. द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडचे पाहुणे पेटी घेऊन येतात आणि खाली पडलेले मणी कुत्रा टिपतो. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. कोणता कुत्रा किती खाल्ल्यावर आजारी पडेल, हे आधी सांगता येत नाही. 2021 मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांनी यामागे द्राक्षातील टार्टारिक आम्ल असावे असे मांडले. तेच आम्ल चिंचेतही असते आणि चिंच खाऊन मूत्रपिंडे बिघडलेल्या कुत्र्यांच्या नोंदीही आहेत. आधी उलट्या-जुलाब होतात, शीत द्राक्षांची सालपटे दिसतात, आणि मालक ‘बाहेर पडले, सुटलो’ म्हणतात. मूत्रपिंडाची हानी मात्र त्यानंतरच्या एक ते तीन दिवसांत उघड होते. म्हणून द्राक्षे खाताना पाहिले तर लक्षणांची वाट न पाहता तडक दवाखाना गाठावा. रविवारच्या मिसळीची उरलेली तर्रीही त्याच्या भांड्यात ओतू नये. तिखटाने पोट बिघडेल हा भाग वेगळा, खरा धोका कांदा-लसणाचा असतो. कच्चा, शिजवलेला किंवा पूड केलेला कोणताही कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि फिकट हिरड्या व गडद लघवी ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात. पावसाळ्यात मक्याच्या कणसाचे बुरकुंड आणि उन्हाळ्यात आंब्याची कोय आतड्यात अडकून शस्त्रक्रिया करावी लागलेले कुत्रे मी दर वर्षी पाहतो.

यावरून तातडी केव्हा करावी हेही सांगतो. सतत उलट्या होत असून शी अजिबात होत नसेल. पोट फुगून ताठ झाले असेल. शी डांबरासारखी काळी असेल, किंवा रेघ नसून रक्ताचा सडा असेल. हिरड्या गुलाबी न राहता पांढुरक्या झाल्या असतील किंवा बोटाला चिकट लागत असतील. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच खाली बसत नसेल. किंवा कुत्रा उठायला तयार नसेल. यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर शीचे गुण मोजत बसू नये, त्याच तासाला निघावे. गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, कारण दुसरे टोक आत अडकलेले असल्यास आतडे कापले जाते. लसीकरण अपुरे असलेले पिल्लू उलट्या आणि रक्ताचे जुलाब करू लागले तर तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, समजूनच धावावे. तेथे एका रात्रीचा उशीरही महागात पडतो. खंडूमध्ये आज यांपैकी काही नाही.

मुलीविषयी आपली काळजी रास्त आहे, पण तिला खंडूपासून दूर करण्याची गरज नाही. पट्टकृमीचे ते पांढरे कण हाताला लागून मुलांना संसर्ग होत नाही. त्यासाठी मुलाने पिसूच गिळावी लागते, जे क्वचित घडते. कुत्र्यापासून माणसाला होणाऱ्या संसर्गात गोलकृमी आणि अंकुशकृमी अधिक महत्त्वाचे आहेत. गोलकृमीची अंडी ताज्या शीत असली तरी ती संसर्गक्षम होण्यास दोन आठवडे किंवा अधिक काळ लागतो, आणि त्यानंतर ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणजे शी त्याच दिवशी उचलली तर धोका बहुतांशी टळतो. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीत शिरतात. तेव्हा मुलीने अंगणात चप्पल घालावी, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, आणि खंडूने तिचे तोंड चाटण्याचा कार्यक्रम हे प्रकरण मिटेपर्यंत स्थगित ठेवावा. मटणाच्या दुकानातील कच्ची आतडी-फुफ्फुसे खंडूला कोणी घालत असेल तर ते मात्र कायमचे थांबवावे. त्यातून कुत्र्यात येणारा एक सूक्ष्म पट्टकृमी माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी निर्माण करतो, आणि त्याचे खंड डोळ्यांना दिसत नाहीत.

राहता राहिली दूध-पोळी. सासूबाई चुकल्या असे मी म्हणणार नाही, कारण दूध-पोळीवर म्हातारे झालेले कुत्रे मीही पाहिले आहेत. परंतु पिल्लूपण संपल्यावर अनेक कुत्र्यांत दुधातील साखर पचवणारे विकर (एन्झाइम) कमी होते, न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून धरते आणि आंबते. आधीच सुजलेल्या मोठ्या आतड्यावर तो भार नको. पोळी विषारी नाही, पण तिने पोट भरते आणि प्रथिने मात्र कमी पडतात. म्हणून दूध दोन आठवडे पूर्ण बंद ठेवावे. तपासणीचा निकाल येईपर्यंत मऊ भात आणि त्वचा काढलेली उकडलेली कोंबडी, मीठ-मसाला-हाडांशिवाय, दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी द्यावी. सोबत दोन चमचे उकडलेला लाल भोपळा कुस्करून घालावा, कारण पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंनी मोठ्या आतड्याच्या तक्रारीला बरेचदा उतार पडतो. इसबगोलही चालते, पण त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि पाणी भरपूर ठेवावे. शी सुधारल्यावर नेहमीच्या आहारावर एका दिवसात उडी न मारता सात ते दहा दिवसांत जुन्या-नव्याचे प्रमाण हळूहळू बदलावे.

दोन आठवड्यांनी, शी सलग पाच-सहा दिवस 2 किंवा 3 गुणांची राहिली, की सासूबाईंनी एके सकाळी फक्त अर्धी वाटी दूध द्यावे आणि पुढचे दोन दिवस वहीत नोंद ठेवावी. आव परतली तर दूध कायमचे बंद करावे. नाही परतली तर अर्धी वाटी चालू ठेवण्यास माझी हरकत नाही. पोळीचा चतकोर मात्र आजपासूनच, कोरडा, त्यांच्याच हातून द्यायला हरकत नाही.